कोरफडीची शेवटची तारीख

माझ्या हातून आजवर एकही सरकारी वस्तू गहाळ झालेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून काहींचा गैरसमज होण्याची शक्यता आहे. जी वस्तू जाता जाता वाचली ती सरकारी नव्हतीच, सासूबाईंची होती. तिला सरकारी मी केलं. तेही चांगल्या हेतूने, पण चांगल्या हेतूला आमच्या घरात फारसं कोणी विचारत नाही.

मी वजनमापे तपासणीच्या कार्यालयात कारकून आहे. दुकानदार आपले तराजू आणि वजनं घेऊन येतात, आम्ही ती तपासतो, शिक्का मारतो आणि शिक्क्याची मुदत कधी संपते ते प्रमाणपत्रावर लिहून देतो. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे कुठलीही वस्तू पाहिली की तिचं वजन किती आणि तिची मुदत कधीपर्यंत, हे दोन प्रश्न मला आपोआप पडतात. आमची मुलगी जन्मली तेव्हा तिला हातात घेऊन मी 'किती गोड' म्हणण्याआधी 'दोन किलो नऊशे' म्हणालो, हे बायको अजून चारचौघांत सांगते. आकडा अगदी बरोबर होता, हे मात्र सांगत नाही.

आठ महिन्यांपूर्वी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. सासरे गेल्यावर दोन वर्षं त्या एकट्याच राहिल्या, मग गुडघ्यांनी तिथले तीन जिने चढायचं नाकारलं तेव्हा त्यांनी घर बंद केलं. आमच्याकडे एकच जिना आहे. येताना त्यांनी तीनच गोष्टी आणल्या: एक ट्रंक, एक रेडिओ आणि कोरफडीची एक कुंडी. कुंडी मीच वर आणली, त्यामुळे वजन सांगू शकतो, नऊ किलो. काठ डावीकडे फुटलेला. सासूबाईंनी ती गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे, कोणाच्या पायात येणार नाही अशी कोपऱ्यात ठेवली. स्वतःही त्या तशाच राहत. खुर्चीच्या कडेवर बसत आणि ट्रंक कॉटखाली ठेवून लागेल तेव्हा एकच लुगडं बाहेर काढत. जणू उद्या सकाळची गाडी आहे. माझ्याशी त्या थेट बोलत नसत. मी हाताच्या अंतरावर असलो तरी निरोप बायकोमार्फत यायचा. "त्यांना सांग, चहा निवतोय," असं त्या म्हणाल्या की मी निरोपाची वाट न बघता चहा प्यायचो, पण उत्तर मात्र बायकोकडेच द्यायचो.

आता मूळ प्रकरण. जप्त केलेल्या खोट्या वजनांच्या पिशव्या आम्ही लाख वितळवून सील करतो. एका दुपारी त्या लाखेचा चांगला टपोरा थेंब माझ्या अंगठ्यावर पडला. कार्यालयाच्या प्रथमोपचार पेटीचा प्रभारी मीच. आठ वर्षांपूर्वी त्याबरोबर एक बिल्ला मिळतो म्हणून मी ते पद स्वीकारलं होतं. पेटी उघडली तर आत तुटका थर्मामीटर, पिवळा पडलेला कापूस आणि औषधाची एक बाटली, जिच्यातलं औषध वाळून तळाशी चिकटलं होतं. प्रभारी म्हणून मी त्या बाटलीकडे बघितलं आणि जखमी म्हणून घरी आलो.

घरी आल्यावर अंगठ्यापेक्षा सल्लेच जास्त झोंबले. समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त कंपाउंडर राहतात. चाळीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काढल्यामुळे ते आता डॉक्टरांच्या वरच्या हुद्द्यावर असल्यासारखं बोलतात. त्यांनी तीन मलमांची नावं सांगितली आणि तिन्ही आता मिळत नाहीत हेही सांगितलं. मुलीने आपल्या कपाटातून एक हिरवी ट्यूब आणली, 'शुद्ध कोरफड' असं लिहिलेली. मी सवयीने मागचा मजकूर वाचला. तेवीस पदार्थ होते, त्यांत कोरफड एकोणिसावी. या मुलीच्या शॅम्पूत कोरफड आहे, तोंडाच्या जेलमध्ये आहे, ओठांच्या मलमात आहे आणि मागच्या महिन्यात तिने जे पायमोजे आणले त्यांच्या पाकिटावरही कोरफडीचं पान छापलेलं आहे. पायमोज्यांत कोरफड काय करते हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. आणि हे सगळं वॉशिंग मशीनमागची कुंडी ओलांडून घरात येत होतं.

सासूबाई उठल्या, कोपऱ्यातून एक जाड पान कापून आणलं, वाटीत थोडा वेळ उभं करून ठेवलं, मग धुतलं, सोललं आणि आतला गर माझ्या अंगठ्यावर ठेवला. गार वाटलं. इतकं गार वाटलं की मी डोळे मिटले. आठ दिवसांत अंगठा असा झाला की लाख पडली होती हे सिद्ध करायला मला अडचण येऊ लागली. मुलीने आजीला विचारलं तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. भाजल्यावर हीच, केस गळले की हीच, तान्ह्या मुलांचं अंगठा चोखणं सोडवायला अंगठ्यावर चोळायचं तेही हिचंच कडू पाणी. "तुझ्या आईचा अंगठा हिनेच सोडवला," असं सासूबाई म्हणाल्या. ते झाड त्यांच्या आईच्या दारातलं होतं. लग्न करून निघताना आईने त्याचं पिल्लू फडक्यात बांधून दिलं होतं, आणि त्यानंतर जेवढी घरं बदलली तेवढ्या घरांत ते गेलं.

पुढच्या महिन्यात मेहुण्याने सासूबाईंना पंधरा दिवसांसाठी बोलावलं. मेहुण्याचं घर तळमजल्यावर आहे, जिने नाहीत. तो फोनवर म्हणाला, बघ आई, जमलं तर इथेच राहा. सासूबाई म्हणाल्या, बघू, आणि निघाल्या. बायको त्यांना गाडीत बसवून आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मग तिने गॅलरीत डोकावून पाहिलं आणि जरा सावरली. म्हणाली, "कुंडी ठेवून गेली आहे. झाड इथे आहे म्हणजे आई येणार." जाताना सासूबाईंनी एवढाच निरोप ठेवला होता: त्यांना सांग, आठवड्यातून एकदा पाणी, बाकी काही करायचं नाही.

'बाकी काही करायचं नाही' ही सूचना मी जरा संकुचित अर्थाने घेतली, हे कबूल करतो.

दुसऱ्याच दिवशी कार्यालयात मुख्यालयाचं पत्र आलं. गुरुवारी पाहणी अधिकारी येणार, प्रथमोपचार पेट्या तपासणार, रिकामी पेटी आढळल्यास प्रभारी जबाबदार. औषधांची मागणी मी वर्षापूर्वीच पाठवली होती, ती मंजुरीच्या वाटेवर कुठेतरी विसावली होती. हेडक्लार्कनी पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि माझ्या बिल्ल्याकडे बघितलं. हेडक्लार्क म्हणजे अतिशय सज्जन माणूस, पण नियमावलीच्या बाहेरचा श्वासही ते घेत नाहीत. मी त्यांना माझा अंगठा दाखवला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी तपासला, नियमावली काढली आणि म्हणाले की पेटीतली औषधं कोणती असावीत हे दिलं आहे, पण 'स्थानिक उपलब्धतेनुसार अन्य' असंही एक वाक्य आहे, आणि झाड स्थानिक आहे. एक पान आणून चालेल का, असं मी विचारलं. पान दोन दिवसांत सुकेल, म्हणाले, औषध टिकाऊ हवं.

म्हणून मी मंगळवारी कुंडीच घेऊन निघालो. बसमध्ये कुंडी मांडीवर होती. कोरफड घेऊन बसलेला माणूस एकटा प्रवास करू शकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. शेजारच्या बाईंनी केसांचं सांगितलं, मागच्या गृहस्थांनी साखरेचं, आणि दरवाजाजवळ उभ्या एका आजोबांनी पोटाच्या इतक्या तपशिलात माहिती दिली की दोन माणसं आपल्या थांब्याआधीच उतरली. प्रत्येकाच्या घरी कोणीतरी या झाडाने बरं झालेलं होतं. उतरताना मला वाटलं, आपण कार्यालयात औषध नेत नसून पूर्ण दवाखाना नेत आहोत.

पेटीतल्या प्रत्येक वस्तूला एक पट्टी लागते: वस्तूचं नाव, नग, दाखल तारीख आणि वापराची शेवटची तारीख. मी पत्र्याची पट्टी कापली आणि माझ्या सुरेख अक्षरात, रंगाने, 'कोरफड (जिवंत), नग एक' असं लिहिलं. शेवटची तारीख आली तेव्हा हात थांबला. रिकामी सोडता येत नाही. आणि इथे मी माझ्या मते फार हुशारी केली. सासूबाई अठरा तारखेला, रविवारी येणार होत्या. मी शेवटची तारीख लिहिली सतरा, शनिवार. मुदत संपली की वस्तू पेटीतून निघते. म्हणजे शनिवारी दुपारी कार्यालय सुटताना मी कुंडी कायदेशीरपणे घरी नेणार, रविवारी सासूबाई येणार, आणि कोणालाच काही कळणार नाही. पट्टी मातीत खोचून मी दोन पावलं मागे गेलो आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिलो.

गुरुवारी सकाळी दहाला साहेबांनी मला बोलावलं. साहेबांना पोटाची जुनी तक्रार आहे. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की कोरफडीचा रस सकाळी घेतात. प्रभारी म्हणून त्यांनी माझा सल्ला विचारला. सव्वीस वर्षांत साहेबांनी माझा सल्ला प्रथमच विचारला, त्यामुळे मी जरा वाहवत गेलो. पान कापलं, सालीसकट ठेचलं आणि अर्धा पेला रस त्यांच्या हातात दिला. सासूबाई पान आधी वाटीत उभं करून ठेवत हे मला आठवलं, पण ते मी त्यांच्या टापटिपीत धरलं होतं. सालीखालचं ते पिवळं पाणी ओघळून जावं म्हणून पान उभं करतात, आणि तो पिवळा द्रव पोटात गेला तर पोट कोणाचं ऐकत नाही, ही माहिती मला नंतर मिळाली. साहेबांना साडेदहालाच मिळाली.

अकराला पाहणी अधिकारी आले. साहेब जागेवर नाहीत, असं मी सांगितलं. कधी येतील, असं त्यांनी विचारलं. निश्चित सांगता येत नाही, असं मी म्हणालो, आणि ते पूर्ण सत्य होतं. पाहणी अधिकारी माणूस शांत, नीटनेटका, आणि नव्या बुटांमुळे लंगडत होता. त्यांनी पेटी उघडली, तुटका थर्मामीटर पाहिला, कापूस पाहिला, भुवया उंचावल्या. मग त्यांची नजर कुंडीवर गेली. मी घाईघाईने माझा अंगठा पुढे केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बूट काढला आणि टाचेवरचा फोड दाखवला. मी या वेळी पान अगदी नीट धुतलं, सोललं आणि गर लावला. त्यांनी डोळे मिटले. मला ते डोळे मिटणं ओळखीचं होतं.

त्यांनी रागावून निघून जायला हवं होतं, असं मला आता वाटतं. रागावलेला अधिकारी शेरा मारतो आणि विसरतो. खूश झालेल्या अधिकाऱ्याने मात्र कुंडीचे चार बाजूंनी फोटो काढले, पानं मोजली (एकोणीस, त्यांपैकी तीन कापलेली), फुटलेल्या काठाची नोंद केली आणि अहवालात 'बाब क्रमांक सात' म्हणून तिचा समावेश केला. मग पट्टी वाचली आणि माझं अभिनंदन केलं की निदान एका वस्तूवर तरी तारीख स्पष्ट आहे. खाली शेरा लिहिला: बाब क्रमांक सात मुदत संपल्यावर तीन दिवसांत नियमानुसार नष्ट करून पंचनामा मुख्यालयास पाठवावा.

तो 'नष्ट' शब्द मी तीनदा वाचला.

त्या दिवसापासून मी जे काही केलं ते घाबरलेल्या माणसाने केलेलं होतं, आणि ते त्याच नजरेने वाचावं. आधी हेडक्लार्ककडे अर्ज दिला की झाड माझं आहे, परत मिळावं. त्यांनी मालकीचा पुरावा मागितला. झाड सासूबाईंचं आहे, असं मी सांगितलं. मग अर्ज सासूबाईंचा हवा, म्हणाले, त्यांच्या सहीचा. त्यात त्या रविवारी येईपर्यंत मुदत संपलेली असणार, आणि मुदत संपलेलं औषध कोणालाच परत देता येत नाही, मालकालासुद्धा नाही, ही पुढची ओळ त्यांनी मला बोट ठेवून दाखवली. साहेबांकडे गेलो. साहेब शुक्रवारी कामावर आले होते, पण चेहऱ्याचा रंग परत आला नव्हता. त्यांनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं नाही. "ते झाड नष्ट करा," म्हणाले, "आणि मला समोर उभं राहून बघायचंय."

कंपाउंडरांनी नर्सरीतून दुसरी कोरफड आणून अदलाबदल करायचा सल्ला दिला. मी आणली. कार्यालयाच्या गेटवर पहारेकऱ्यांनी अडवलं. आमच्याकडे जप्त केलेली वजनं असतात, त्यामुळे गेटमधून आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू ते लिहून घेतात आणि पासाशिवाय काही बाहेर सोडत नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की ही आत गेली तर नोंदीत दोन कोरफडी होतील, बाहेर मात्र एकही जाणार नाही. मी नर्सरीची कोरफड घरी आणली आणि वॉशिंग मशीनमागे ठेवली. ती चकचकीत हिरवी, पांढऱ्या ठिपक्यांची, नवीन कपडे घालून मुलाखतीला आलेल्या उमेदवारासारखी दिसत होती. मुलगी म्हणाली, आजीला पाच सेकंदांत कळेल. बायकोने सगळं ऐकलं आणि भांडली नाही, त्यामुळे मी जास्त घाबरलो. ती एवढंच म्हणाली, "झाड नाही म्हटल्यावर तिला इथे परत यायला काय कारण उरलं? तिला मी काही सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

सासूबाई रविवारी आल्या. पाणी प्यायल्या, गॅलरीत गेल्या, आणि पाच सेकंद जास्तच झाले. नर्सरीच्या झाडाला त्यांनी पाणी घातलं, कारण ते तहानलेलं होतं, आणि आत येऊन ट्रंकेजवळ बसल्या. सोमवारी सकाळी त्यांनी मेहुण्याचा नंबर लावून द्यायला सांगितला. बायकोने फोन हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटलं, असं म्हणणं कमी पडेल. मला स्वतःची लाज वाटली. मी सासूबाईंसमोर खाली बसलो आणि लाखेपासून साहेबांच्या पोटापर्यंत सगळं सांगितलं. बायकोकडे तोंड करून नाही, त्यांच्याकडेच.

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. साहेबांच्या भागाला त्यांचे ओठ जरा हलले. मग त्यांनी विचारलं, "नष्ट करायचं म्हणजे कसं? लिहिलं असेल ना कुठे?"

मी नियमावलीतल्या त्या पानाची प्रत खिशातच घेऊन फिरत होतो. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. मुदत संपलेली औषधं कार्यालयाच्या आवारात किमान एक फूट खोल खड्डा खणून, दोन पंचांसमक्ष, मातीत पुरून नष्ट करावीत. त्यांनी तो मजकूर पुन्हा वाचला. मग कागद घडी करून मला परत दिला.

"पुरणारच आहेत ना?" त्या म्हणाल्या. "मग पुरू दे की. फक्त सरळ पुरा."

माझ्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. बायको माझ्या आधी हसायला लागली.

मंगळवारी नष्टीकरण झालं. पंच म्हणून दोन प्रतिष्ठित नागरिक लागतात. एक कंपाउंडर आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि दुसऱ्या सासूबाई. त्यांचं झाडाशी नातं काय, असं नियमात कुठेही विचारलेलं नाही, याची हेडक्लार्कनी खात्री करून घेतली. साहेब ठरल्याप्रमाणे समोर उभे राहिले. मी आवाराच्या भिंतीजवळ, सकाळचं ऊन येतं त्या बाजूला खड्डा खणला. जागा सासूबाईंनी दाखवली होती. हेडक्लार्कनी मोजपट्टीने खोली मोजली, एक फूट एक इंच. मी कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट काढलं, खड्ड्यात उभं ठेवलं आणि माती लोटली. पट्टीही बाब क्रमांक सातचा भाग असल्यामुळे तीही बाजूला खोचली. सोळा पानं जमिनीच्या वर डौलात उभी राहिली.

साहेबांनी ते बघितलं. "हे वर दिसतंय," म्हणाले.

हेडक्लार्कनी नियमावली उघडली, ओळ वाचली, पुन्हा वाचली. नियम खड्ड्याच्या खोलीबद्दल आहे, वस्तूच्या उंचीबद्दल नाही, असं त्यांनी अत्यंत गंभीरपणे सांगितलं. साहेब काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात सासूबाईंनी त्यांना विचारलं की रस घेतलात तेव्हा पान आधी उभं करून ठेवलं होतं का. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खड्ड्याकडे पाहिलं. सासूबाईंनी त्यांना सगळं नीट समजावलं, दोष पानाचा नव्हता हे सांगितलं, आणि कोणाचा होता ते सांगायचं टाळलं. साहेब ऐकता ऐकता खाली बसले आणि त्यांनी झाडाभोवतीची माती हाताने दाबली. मग पंचनाम्यावर सही केली: बाब क्रमांक सात नष्ट करण्यात आली.

"आठ दिवस पाणी घालू नका," निघताना सासूबाईंनी पहारेकऱ्यांना सांगितलं.

रिकामी कुंडी औषध नसल्यामुळे तिचा पास मिळाला आणि ती घरी आली. महिनाभर ती नर्सरीच्या झाडाशेजारी तशीच होती. मेहुण्याचा फोन दर रविवारी येत होता आणि सासूबाई दर वेळी 'बघू' म्हणत होत्या. ट्रंक कॉटखालीच होती. मी रोज कार्यालयातून आलो की त्या पुन्हा बायकोलाच सांगत, त्यांना विचार, पानं कशी आहेत. मी सांगायचो. नष्ट झालेलं झाड फारच चांगलं चाललं होतं. कार्यालयातल्या चार जणांनी आपापल्या घरच्या भाजण्या-कापण्यासाठी त्याच्याकडे चौकशी सुरू केली होती.

महिन्याने मुख्यालयाचं पत्र आलं, नष्टीकरण मान्य. दुसऱ्या दिवशी सासूबाई खुरपं आणि कापडी पिशवी घेऊन माझ्याबरोबर आल्या. झाडाला दोन पिल्लं फुटली होती. एक पिल्लू त्यांनी तिथेच ठेवलं, लाखेने भाजणाऱ्यांसाठी. दुसरं पिल्लू आणि मोठं झाड, पत्र्याच्या पट्टीसकट, पिशवीत घेतलं. गेटवर पहारेकऱ्यांनी पास मागितला.

हेडक्लार्क खाली आले, वही घेऊन. त्यांनी बाब क्रमांक सात काढली आणि पहारेकऱ्यांना दाखवली. वस्तू एक महिन्यापूर्वी नष्ट झाली आहे. नष्ट झालेल्या वस्तूचा पास देण्याची तरतूद नाही, आणि जी वस्तू नाही ती अडवण्याचीही तरतूद नाही. पहारेकऱ्यांनी पिशवीतून वर आलेल्या पानांकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि गेट उघडलं. सासूबाईंनी त्यांना हात जोडले.

बसमध्ये पिशवी माझ्या मांडीवर होती. सहा किलो तरी भरली असती. सासूबाई खिडकीजवळ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं." बायको बसमध्ये नव्हती, तेव्हा हे मलाच म्हटलेलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी झाड जुन्या कुंडीत लावलं. मी ती उचलून वॉशिंग मशीनमागे नेऊ लागलो, तर त्यांनी थांबवलं. गॅलरीच्या मधोमध, जिथे माझी खुर्ची असते आणि जिथे दिवसभर ऊन येतं, ती जागा दाखवली. "खुर्ची जरा सरकवा," म्हणाल्या. मी सरकवली. बायको दारात उभी होती. सासूबाईंनी पिल्लाची माती झटकून ते फडक्यात बांधलं आणि तिच्या हातात दिलं. "हे तुझ्या भावाला पाठवून दे. मोठं इथेच राहील. आणि तुझ्या कपाटातला एक कप्पा मला रिकामा करून दे." ते फडकं तिने दोन्ही हातांनी धरलं होतं.

मी कुंडीत खोचलेली पत्र्याची पट्टी काढायला वाकलो. सतरा तारीख त्यावर अजून स्पष्ट दिसत होती आणि मला ती नजरेसमोर नको होती.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "अक्षर छान आहे तुमचं."

लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यांनी माझ्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द. मी पट्टी पुन्हा नीट खोचली आणि खुर्ची आणखी थोडी सरकवली.